‘मी तिथं होतो’ एवढं लिहून द्या : सैन्याच्या अभिलेख कार्यालयांना खुले पत्र

प्रति,
भारतीय सैन्याच्या सर्व अभिलेख कार्यालयांचे प्रमुख अधिकारी
आणि माजी सैनिकांच्या पदकांचं धोरण ठरवणारे संरक्षण मंत्रालयातील अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी खटाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, १९६४ साली पायदळात भरती झाले आणि १९७९ साली हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आले. आज ते ऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या नावे एका अभिलेख कार्यालयाचं उत्तर आलं. इंग्रजीतल्या दोन ओळी. उपलब्ध नोंदींनुसार ‘पूर्वी स्टार’ (१९७१ च्या पूर्वेकडच्या लढाईचं पदक) आणि ‘वूंड मेडल’ (लढाईत झालेल्या जखमेचं पदक) यांची नोंद आढळत नाही, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे. खाली शिक्का, सही, आणि सहीखाली नाव नाही.

आबांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, घडी घालून पेटीत ठेवलं आणि म्हणाले, “झालं मग.” त्यांचं झालं असेल, माझं झालेलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

कार्यालयाचं आणि पलटणीचं नाव मी मुद्दाम देत नाही. तिथे बसणारे कारकून कदाचित आमच्याच जिल्ह्यातले असतील, त्यांच्यावर बोट ठेवून काही साधणार नाही. शिवाय हे एका कार्यालयापुरतं नाही. आमच्या पंचक्रोशीत घरटी नाही तरी गल्लीगणिक एक फौजी आहे. अशा कागदांच्या पिशव्या मी बऱ्याच घरांत पाहिल्या आहेत.

आधी काय घडलं ते सांगते. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, आबा लान्स नाईक होते. मेघालयातल्या तुरा गावाच्या बाजूने जी फौज आजच्या बांगलादेशात खाली उतरली, तिच्यात त्यांची कंपनी होती. कमालपूरची चौकी ४ डिसेंबरला शरण आली, पुढे बक्षीगंज, पुढे ब्रह्मपुत्रा आणि पलीकडे जमालपूर. याच वाटेवर या फौजेचे प्रमुख मेजर जनरल गुरबक्ष सिंग गिल यांची जीप सुरुंगावर गेली आणि ते जायबंदी झाले. त्यांच्या जागी मेजर जनरल नागरा आले आणि १६ डिसेंबरला नागरा ढाक्यात पोचले. हे सगळं छापील इतिहासात आहे. त्याच वाटेवर, गिल जायबंदी झाल्यावर चार दिवसांनी, आबांच्या डाव्या मांडीतून मशीनगनची गोळी आरपार गेली. ती छापील इतिहासात नाही, आणि असावी असं आमचं म्हणणंही नाही. आमचं म्हणणं इतकंच की ती त्यांच्या सेवापुस्तकात असावी.

तर ती तिथे आहेसुद्धा. आबांच्या काळ्या पत्र्याच्या पेटीत, मेणकापडात गुंडाळलेला, आसाममधल्या लष्करी रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद आहे. घड्यांवर फाटलाय, मी मागून बटर पेपर चिकटवला आहे. त्यावर तारीख आहे, डिसेंबर १९७१. जखमेचं कारण आहे, गोळी लागून. ठिकाण म्हणून ‘फील्ड’ लिहिलं आहे. त्यानंतर चार महिने उपचार आणि मेडिकल कॅटेगरी खाली आणल्याचा शेरा. हा शेरा त्यांच्या डिस्चार्ज बुकातही उतरला आहे. आणि त्याच डिस्चार्ज बुकात, तीन पानं पुढे, पदकांच्या रकान्यात चार ओळी आहेत : रक्षा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल.

संग्राम मेडल त्या काळात सीमेवरच्या राज्यांत सेवेत असलेल्यांना मोठ्या प्रमाणावर मिळालं. पूर्वी स्टार पूर्वेच्या प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांसाठी. म्हणजे आपलंच एक पान सांगतं की या जवानाला लढाईत गोळी लागली, आणि आपलंच दुसरं पान सांगतं की तो लढाईत नव्हता. दोन्ही पानं एकाच वहीत, एकाच नंबरखाली.

असं का झालं हे शोधायला मला काही वर्षं लागली. आबांच्या जुन्या सुभेदारसाहेबांनी, ते हयात असताना, मला समजावून सांगितलं. लढाई संपल्यावर पलटणीत पदकांच्या याद्या झाल्या, त्या हजर माणसांवरून. आबा तेव्हा रुग्णालयाच्या हजेरीवर होते, पलटणीच्या नव्हे. बरे झाल्यावर कॅटेगरी खालची, म्हणून पोस्टिंग मूळ पलटणीत न होता प्रशिक्षण केंद्रात झालं. जुन्या पलटणीला वाटलं, नवं युनिट करेल. नव्या युनिटला वाटलं, जुन्याने केलंच असेल. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतली नोंद करण्याचा युनिटचा आदेश, निघालीच नाही, आणि ऑर्डर नाही म्हणून शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रात, नोंद नाही. वूंड मेडल तर सुरूच झालं १९७३ साली. त्याआधीच्या जखमांनाही ते लागू केलं गेलं, पण मागच्या जखमींची नावं पाठवायची कोणी? आबा तोवर तिसऱ्या ठिकाणी होते.

थोडक्यात, गोळी लागली म्हणूनच ते यादीतून सुटले. धडधाकट राहिले असते तर स्टार मिळाला असता.

आता माझ्या तक्रारी.

जो कागद फक्त आपल्यापाशी असू शकतो, तो आपण आमच्याकडे मागता. १९८३ साली आबांनी पहिलं पत्र टाकलं, तेव्हा उत्तर आलं की जुन्या युनिटमार्फत दावा पाठवा. युनिट तेव्हा कुठे तैनात आहे हे पेन्शनरला कोण सांगणार? १९९६ साली पुन्हा अर्ज, त्याचं उत्तरच नाही. २०१५ साली मी माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा कळवण्यात आलं की संबंधित पार्ट टू ऑर्डर उपलब्ध नाही, अर्जदाराने प्रत सादर करावी. पार्ट टू ऑर्डर युनिट काढतं आणि अभिलेख कार्यालय जपतं. ती जवानाच्या घरी नसते. आणि जी ऑर्डर निघालीच नाही अशी आमची तक्रार आहे, तिचीच प्रत आमच्याकडे मागणं म्हणजे तक्रार ऐकायच्या आधीच फेटाळणं.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. २०१८ साली सांगण्यात आलं की त्या वेळी सोबत असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं आणा. आबांच्या सेक्शनमधले तिघे त्याच आठवड्यात गेले. उरलेल्यांपैकी मी सहा जणांचे पत्ते मिळवले. ज्या घरी गेले तिथे भिंतीवर हार घातलेला फोटो. एकाची बायको म्हणाली, “बाई, दोन वर्षं आधी आली असतीस तर त्यांनी सही केली असती, तुझ्या आबाचं नाव घ्यायचे.” फक्त सुभेदारसाहेबांची सही मिळाली, थरथरत्या हाताची. एक साक्षीदार पुरत नाही म्हणून तो कागदही परत आला. पस्तीस वर्षं उत्तर लांबवायचं आणि मग साक्षीदार मागायचे, हे मला पटत नाही. महोदय, हे कोणालाच पटणार नाही.

एकदा तर उत्तर दुसऱ्याच माणसाचं आलं. आमचं आडनाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि नंबरातला शेवटचा आकडा टायपिंगमध्ये बदलला होता. मी ते निदर्शनास आणून दिलं, तर नावात तफावत असल्याने आधी नावदुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र द्या, असं लिहून आलं. तफावत आपल्या पत्रात होती.

मी शाळेतली बाई. माझ्या कपाटात जनरल रजिस्टर असतं. त्यात आमच्या शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक पोराची नोंद आहे, पार स्वातंत्र्याच्या आधीपासूनची. जातीच्या दाखल्यासाठी लोक आजोबा-पणजोबांची नोंद शोधायला येतात. पानं पिवळी पडलीत, शाई उडालीय, तरी आम्ही ती शोधून देतो. तुम्हीच पुरावा आणा असं कोणाला म्हणत नाही, कारण रजिस्टर आमच्याकडे आहे. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, पण दुरुस्ती चालते. चुकीची नोंद वाचता येईल अशी ठेवायची, शेजारी लाल शाईने बरोबर नोंद, आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. तालुक्याच्या गावातली चार खोल्यांची शाळा हे करू शकते. जी संस्था जवानाच्या बुटाच्या मापापासून सगळं लिहून ठेवते, तिला हे का जमू नये, हे मला खरोखर कळत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी लिहायला मला सगळ्यात जड जाते. २०२१ साली त्या युद्धाला ५० वर्षं झाली. १६ डिसेंबरला एका ठिकाणी माजी सैनिकांचा सत्कार होता. कार्यक्रम चांगला होता, आयोजकांच्या मनात खोट नव्हती. आबांनी आदल्या रात्री चारही मेडलं ब्रासोने घासली, कोट काढला. तिथे गेल्यावर कळलं की मंचावर बोलवायची यादी डिस्चार्ज बुकावरून केली आहे : ज्यांच्याकडे पूर्वी स्टार किंवा पश्चिम आघाडीचा पश्चिमी स्टार, ते वर. बाकीचे खाली खुर्च्यांवर. शेजारच्या गावचे त्यांचे एक सोबती वर गेले, फेटा बांधून घेतला. आबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. परतीच्या एसटीत ते खिडकीला होते. कोरेगाव गेलं तरी बोलले नाहीत. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, “म्या हुतो का गं तिथं?”

मी म्हणाले, “असं काय विचारता आबा?”

तर म्हणाले, “नाय, कागूद म्हंतोय नव्हतो. कवा कवा वाटतं, आपल्यालाच भास झाला का काय.”

त्यांच्या मांडीवर जुन्या दहा पैशांच्या नाण्याएवढा खळगा आहे, मागच्या बाजूला त्याहून मोठा. लहानपणी आम्ही भावंडं त्यात बोट घालून बघायचो आणि ते हसायचे. त्या माणसाला आपण लढलो की नाही अशी शंका यावी, हे एका रिकाम्या रकान्याने केलं आहे.

कोणी म्हणेल, एवढं काय, मेडल तर दुकानात मिळतं. खरं आहे. पदकांचा पुरवठा वेळेवर होत नाही म्हणून सेवेतले जवानही बाजारातून नक्कल आणून वर्दीवर लावतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण त्यांच्या कागदावर नोंद असते. आबांना एकाने खरोखरच सुचवलं होतं, की आणा आणि लावा, कोण विचारतंय. आबा म्हणाले, “इकत घेऊन लावायचं असतं तर बहात्तरलाच लावलं असतं.” पूर्वी स्टारमुळे पेन्शन एक रुपयानेही वाढत नाही. वूंड मेडलला भत्ता मागायलाही आम्ही आलेलो नाही. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते, तिच्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण दोन-तीन ठिकाणी मला विचारलं गेलं की यातून तुम्हाला नेमका फायदा काय. फायदा नाही.

आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात तिथून गेलेल्या जवानांसाठी इंग्रजांनी उभारलेला स्तंभ आजही गावात आहे. परक्या राजाने, परक्या लढाईसाठी नेलेल्या आमच्या माणसांची आठवण दगडात ठेवली. आबा आपल्या देशासाठी लढले. त्यांना दगड नको, वहीतली एक ओळ हवी.

आबा पेन्शनर आहेत म्हणून निदान त्यांचा शीट रोल शिल्लक आहे. त्यांच्याहून वाईट अवस्था आहे ती पेन्शनपर्यंत न पोचलेल्यांची. पाच-सात वर्षं सेवा केली, १९६५ किंवा १९७१ पाहिलं, आणि घरच्या अडचणीने किंवा तब्येतीने परत आले, अशांचे सेवा-कागद नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट होतात. राहतो तो फक्त लाँग रोल, त्यात माणूस जेमतेम दोन ओळींचा उरतो. १९७१ साली जखमी झालेल्याचे कागद शतक उलटायच्या आत जाळायला मोकळे. त्यांच्या बायका आज सत्तरीत आहेत. १९६५ च्या लढाईचा समर सेवा स्टार काय असतो हे त्यांना माहीत नाही, एवढंच माहीत आहे की ‘आमचे हे लढाईत होते’.

तरी वाट बंद नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानेच युद्धविषयक अभिलेखांचं धोरण जाहीर केलं आहे. वॉर डायऱ्या आणि तशा नोंदी मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवायच्या, आणि २५ वर्षांहून जुने कागद तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात द्यायचे, असं त्यात म्हटलं आहे. पलटणीची वॉर डायरी म्हणजे रोजची नोंद : कुठे होतो, काय झालं, किती गेले, किती जखमी. आबांच्या पलटणीचा डिसेंबर १९७१ चा आठवडा कुठेतरी कपाटात आहे. तो मला पाहायला मिळणार नसेल तर न मिळो, आपण पाहा. आपला माणूस पाठवा, ते पान उघडा आणि रुग्णालयाच्या कागदावरच्या तारखेशी ताडून बघा. एका दिवसाचं काम आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत, आणि त्या फक्त आबांसाठी नाहीत.

ज्या जवानाच्या आपल्याच वैद्यकीय कागदांत शत्रूच्या गोळीने किंवा स्फोटाने झालेली जखम नोंदली आहे, त्याची पदकांची नोंद आपण होऊन तपासा. अर्जाची वाट पाहू नका. १९६५ आणि १९७१ च्या हयात जवानांपासून सुरुवात करा, आणि त्यातही सगळ्यात म्हाताऱ्यांपासून, कारण बाकी कोणाकडे असेल तेवढा वेळ त्यांच्याकडे नाही.

मूळ ऑर्डर सापडत नसेल तर वैद्यकीय कागद, पोस्टिंगची नोंद आणि वॉर डायरी यांवरून निर्णय करा. साक्षीदार मागायचाच तर एक हयात सोबती पुरे माना, आणि एकही हयात नसेल तर ती अट सोडा. दावा नाकारायचा असेल तर कोणता कागद पाहिला, कोणता सापडला नाही आणि तो कधी नष्ट केला, हे नावानिशी सहीने कळवा. ‘नोंद आढळत नाही’ हे कारण होत नाही. नोंद आढळत नाही म्हणूनच तर आम्ही लिहितो.

दुरुस्ती मंजूर झाली की सुटं पत्र देऊन भागवू नका. नव्याने पार्ट टू ऑर्डर काढा, शीट रोलमध्ये घ्या, डिस्चार्ज बुकात क्रमांक-तारखेसह लिहा, आणि जवानाचा नंबर व नाव कोरलेलं पदक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून सन्मानाने द्या, टपालाच्या पाकिटातून नव्हे. जवान वारला तर प्रकरण त्याच्याबरोबर बंद करू नका. पत्नीला, मुलीला, मुलाला ते पुढे चालवता आलं पाहिजे. मुलीला हा शब्द मी मुद्दाम घातला, कारण एका खिडकीवर मला विचारलं होतं, “घरात मुलगा कोणी नाही का?” आहे. माझा भाऊही फौजेत आहे आणि त्याला रजा मिळत नाही.

आणि जोवर हे होत नाही, तोवर त्या दोन युद्धांतल्या कोणाचेही कागद मुदत संपली म्हणून नष्ट करू नका.

आबांच्या प्रकरणाचा क्रमांक, रुग्णालयाचा कागद, डिस्चार्ज बुकाची दोन्ही पानं आणि कैलासवासी सुभेदारसाहेबांचं प्रतिज्ञापत्र या सगळ्याच्या साक्षांकित प्रती मी नोंदणीकृत टपालाने पुन्हा एकदा पाठवल्या आहेत. मूळ कागद पेटीतच आहेत. आपला कोणी अधिकारी आमच्या घरी आला तर तो स्वतः पाहू शकेल, आबांशी बोलू शकेल. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, ऐकू थोडं कमी येतं, पण बक्षीगंजच्या रस्त्याला डावीकडे कोणती झाडं होती तेही ते सांगतात.

डिस्चार्ज बुकातल्या पदकांच्या रकान्यात चार ओळींखाली जागा रिकामी आहे. मी पट्टीने मोजली. दोन ओळी तिथे सहज बसतात.

आपली विश्वासू,
एका हवालदाराची मुलगी
ता. खटाव, जि. सातारा